सिंहगड : न वाचलेली कादंबरी, हरवलेला मूकपट

रविवारी पहाटे पिंपरी-चिंचवडमधून दुचाक्यांचे तांडे सिंहगडाकडे निघतात. गडावर कमलकुमारीची कथा ऐकली जाते आणि संध्याकाळपर्यंत ती ‘इतिहास’ म्हणून सर्वत्र फिरते. ही कथा घरोघरी पोहोचवली हरिभाऊ आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने. सभासदाच्या बखरीत कमलकुमारी नाही, घोरपडही नाही. तिथे मावळे वानरांप्रमाणे कडा चढतात. घोरपड आली ती तुळशीदासाच्या पोवाड्यातून. शिवाय ‘सिंहगड’ हे नाव १६६३ च्या पत्रातच आढळते, म्हणजे तानाजींच्या मृत्यूच्या सात वर्षे आधी.

एवढे कळले की काही उत्साही मंडळी आपट्यांनाच खोटे ठरवतात. हा निवाडा अन्यायाचा आहे. त्यांनी कादंबरी लिहिली आणि कादंबरी म्हणूनच छापली. तिला बखरीच्या आसनावर बसवले ते न वाचणाऱ्यांनी.

त्या कथेला पडद्यावर देह दिला बाबूराव पेंटरांनी. १९२३, महाराष्ट्र फिल्म कंपनी, कोल्हापूर, चित्रपट ‘सिंहगड’. रात्रीच्या लढाईसाठी कृत्रिम प्रकाश वापरला गेला, तोही सूर्यप्रकाशावर चित्रीकरण चालण्याच्या काळात. शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम. पुढे १९३३ मध्ये त्यांनीच प्रभातसाठी बोलका ‘सिंहगड’ दिग्दर्शित केला.

मूकपट मात्र आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये. तोवर नायट्रेटच्या बहुतेक रिळांची राख किंवा माती झाली होती. (चांदी काढण्यासाठी वितळवली गेली ती वेगळीच.)

स्वीडनकडे पाहावे. सेल्मा लागरलोफ यांची ‘योस्टा बेर्लिंग’ ही कादंबरी १८९१ ची. मॉरिट्झ स्टिलरने तिच्यावर १९२४ मध्ये, म्हणजे आपल्या ‘सिंहगड’नंतर अवघ्या वर्षाने, दोन भागांचा मूकपट काढला. तरुण ग्रेटा गार्बो त्यात होती. तोही पुढे कापला गेला, तुकडे हरवले. तेथील चित्रपट संस्थेने ते शोधून, मूळ रंगछटांसह २०१८ मध्ये तो पुन्हा उभा केला. काही भाग अजूनही गहाळ आहे, तरीही काय पोवाड्याचे, काय कादंबरीचे आणि काय दिग्दर्शकाचे, असा प्रश्न तिथे चित्रपट समोर ठेवून विचारता येतो. आपल्याकडे तो ऐकीव माहितीवर भांडून सोडवला जातो.

कथेचे बळ किती असते, हे मोजायचे तर चाकणला जावे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेसमोर संग्रामदुर्ग जवळपास दोन महिने लढवला. सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच भुईकोट पडला. तो गावातच आहे, कारखान्यांच्या पाळ्या सुटतात त्या रस्त्यांपासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या वाट्याला ना हरिभाऊ आले, ना पेंटर, आणि रविवारी तिथे गर्दी नसते.