यमू आणि एफी एकाच फळीवर

सीमेन्स आणि विद्यापीठ या दोन निमित्तांनी एर्लांगेनला येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांत आता चौदा-पंधरा वर्षांच्या मुली आहेत. त्यांतली एखादी पुस्तकवेडी निघते. शाळेतून आली की दप्तर टाकून वाचत बसते, जेवायला चार हाका माराव्या लागतात. हिच्या हाती मराठीतलंही काही थोर पडावं, असं आईबाबांना मनापासून वाटतं. मग सुट्टीत पुण्याहून येताना बॅगेतून ‘श्यामची आई’ येतं, ‘स्वामी’ येतं, ‘मृत्युंजय’ येतं. या पुस्तकांशी माझं भांडण नाही. मीही त्यांच्यावरच वाढले. पण हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ द्या, असं मी सुचवलं की लगेच नकार येतो. त्या नकाराशी मात्र माझं भांडण आहे.

म्हणतात, वय कोवळं आहे. बालपणी लग्न, वैधव्य, सक्तीचं केशवपन हे सगळं वाचून पोर हिरमुसेल. हा आक्षेप जर्मनीत राहून घ्यावा याचं मला नवल वाटतं. ॲन फ्रँक याच देशात, फ्रँकफुर्टला जन्मली आणि तिने डायरी लिहायला घेतली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. ती डायरी तेरा-चौदा वर्षांच्या मुली वाचतातच. पुढे वरच्या वर्गात फॉन्टानंची ‘एफी ब्रीस्ट’ येते. जर्मन शाळांतून ही कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते आहे. मैत्रिणींबरोबर बागेत खेळणारी सतरा वर्षांची एफी आत बोलावली जाते आणि अडतीस वर्षांच्या, एके काळी तिच्या आईवरच प्रेम करणाऱ्या इन्स्टेटन या सरकारी अधिकाऱ्याशी तिचं लग्न ठरतं. पुढे जुनी पत्रं सापडतात, घटस्फोट होतो, मुलगी हिरावली जाते. काही वर्षांनी ती मुलगी आईला भेटायला येते, तेव्हा एफीने काहीही विचारलं तरी घरून पढवलेलं एकच उत्तर देत राहते. मराठीतसुद्धा इतकी जीवघेणी भेट मी फार थोड्या ठिकाणी वाचली आहे. हे वाचून मुली कोमेजत नाहीत. त्या चिडतात, वर्गात वाद घालतात, इन्स्टेटनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. मग हरिभाऊंच्या कादंबरीतल्या यमूचंच दुःख त्यांना पेलणार नाही, हे कशावरून ठरवलं?

मला वाटतं, मुलीच्या कोवळ्या मनापेक्षा आपल्याला आपल्या अब्रूची काळजी जास्त आहे. परदेशात वाढणाऱ्या लेकीसमोर महाराष्ट्र कसा स्वच्छ, तेजस्वी दिसायला हवा. ‘तुमच्याकडे बायकांना असं वागवायचे?’ हा प्रश्न जर्मन मैत्रिणीच्या नव्हे, आपल्याच मुलीच्या तोंडून ऐकायची आपली तयारी नसते. म्हणून आपण इतिहासातले पराक्रम पुढे करतो आणि माजघर झाकून ठेवतो.

पण झाकून कुणापासून ठेवायचं? हरिभाऊंनी ही कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः लिहिली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचं संमतिवय दहावरून बारा करण्यावरून पुण्यात रान पेटलं, तोच हा काळ. ‘एफी ब्रीस्ट’चं पुस्तक निघालं १८९५ मध्ये. आणि त्याच दशकात या एर्लांगेन गावात एमी न्योटर नावाची मुलगी मुलींच्या शाळेत शिकत होती. तिचा जन्म इथलाच, १८८२ चा. वडील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. तरी १९०० साली तिला त्याच विद्यापीठात बसता आलं ते केवळ श्रोती म्हणून, आणि तेही प्राध्यापकांच्या परवानगीने. रीतसर नाव दाखल झालं १९०४ मध्ये, डॉक्टरेट १९०७ मध्ये. पुढे आधुनिक बीजगणिताला नवं वळण देणारी ही बाई. तेव्हा ‘तुमच्याकडे’ आणि ‘आमच्याकडे’ अशी सोपी वाटणी करता येत नाही, हे मुलीला कळायचं असेल, तर यमू आणि एफी एकाच फळीवर शेजारी हव्यात. यातना सारख्या नाहीत. यमूच्या डोक्यावर वस्तरा फिरतो, एफीला समाज दाराबाहेर ठेवतो. हा फरकसुद्धा तिचा तिलाच शोधू द्यावा.

दुसरा आक्षेप भाषेचा, आणि त्यात तथ्य आहे. घरी मराठी बोलणारी मुलगी देवनागरी अडखळत वाचते. हरिभाऊंची लांबलचक वाक्यं आणि सोवळ्याओवळ्याचे शब्द तिला अडतात. पण म्हणून संक्षिप्त आवृत्ती हातात देणं मला मान्य नाही. गोष्ट उरते, यमूचा आवाज जातो. आणि सगळी कादंबरी त्या आवाजावर उभी आहे. जर्मनांनी यावर साधा उपाय केला आहे. रेक्लाम प्रकाशनाची ती पिवळी, खिशात मावणारी पुस्तकं पाहा: मूळ संहिता पूर्ण, जुन्या शब्दांचे अर्थ टिपांत, किंमत मुलांच्या खाऊच्या पैशात बसणारी. ही मालिका १८६७ पासून चालू आहे. हरिभाऊ १९१९ मध्ये गेले, त्यांच्या लेखनावर आता कुणाचा हक्क नाही. अशी सटीप आवृत्ती मराठी प्रकाशकांनी काढलीच पाहिजे. तोवर आईने किंवा बाबांनी रोज रात्री चार पानं मोठ्याने वाचावीत. सुरुवात सोप्या दारातून करायची असेल, तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आहे: १९५५ ची, छोटेखानी, आणि वाक्यं अशी नितळ की अडखळणारी मुलगीही आठवड्यात संपवते.

‘मुलींसाठीची कादंबरी’ ही वेगळी यादीही मला नको. ‘कोसला’ मुलाला द्यायची आणि ‘चौघीजणी’ मुलीला, हा शिरस्ता मोडावा. शांताबाई शेळक्यांचा तो अनुवाद अप्रतिमच आहे, पण ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकरवर हसण्या-रडण्याचा हक्क मुलीलाही आहे. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली कौतिक तर तिला भेटायलाच हवी. फाटका संसार सांधत राहणारी ही विदर्भातली बाई वऱ्हाडीत बोलते. मराठी म्हणजे फक्त पुण्याची नव्हे, हे मुलीला तिच्याकडून जितकं कळेल तितकं कुणाच्या व्याख्यानातून कळणार नाही.

इथल्या एका मुलीला तिच्या आईने यंदा यमूची गोष्ट वाचून दाखवली. शेवटी ती रडली, हे खरं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, ‘मावशी, लेखकाने तिला एकही वाट ठेवली नाही, हे मला पटलेलं नाही.’ मी तिला विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ सुचवली. १९३४ ची कादंबरी. नवऱ्याने टाकलेली अचला तिच्यात स्वतःच्या मनाने प्रेम करते आणि आई व्हायचं ठरवते. हे ऐकून तिची आई जरा गप्प झाली, मग म्हणाली, ‘आधी मी वाचते.’ मागवताना दोन प्रती मागवू, असं आमचं ठरलं आहे.