माळ्यावरचा कॅमेरा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली येणाऱ्या वस्तूंचे तीन वर्ग पडतात. पहिला भंगारवाल्याचा, दुसरा 'असू दे, लागेल कधीतरी' यातला आणि तिसरा, ज्यावरून घरात भांडण होते त्याचा. चामडी पेटीतला जुना कॅमेरा हा या तिसऱ्या वर्गाचा मानकरी. सूनबाई म्हणतात, "याचे रोल तरी मिळतात का आता?" आजोबा म्हणतात, "हात लावू नका." आणि एवढ्यात नातवाचे बोट मागच्या झाकणाच्या खिट्टीवर गेलेले असते.

म्हणून यंदा या सदरातली पहिली विनंती त्या नातवाला. बाळा, झाकण उघडू नकोस. आत रोल असू शकतो आणि त्यावर काय आहे हे घरात कोणालाच आठवत नसते. उघडल्याबरोबर उजेड आत शिरतो आणि तीसचाळीस वर्षे अंधारात जपलेले एका क्षणात धुपून जाते.

रोल आहे की नाही हे न उघडता कळते. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर डावीकडे एक चावी असते. ती बाणाच्या दिशेने अगदी हळू फिरवावी. हाताला ताण लागला तर आत फिल्म आहे असे समजावे. अशा वेळी सुटकेचे बटण दाबून फिल्म डबीत परत गुंडाळावी. बहुतेक कॅमेऱ्यांत ते खाली असते, झेनिटमध्ये शटरच्या बटणाभोवतीचे कडे दाबावे लागते. मात्र घाई करू नये. जुनी फिल्म पापडासारखी कडक झालेली असते, ओढली की तुटते. बडोद्याला तयार झालेल्या आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यांना मागे तांबडी खिडकी असते. तिच्यात आकडा दिसला की आत रोल आहे. मग सावलीत बसून तो शेवटपर्यंत गुंडाळावा आणि त्यानंतरच झाकण उघडावे.

मागल्या वर्षी आमच्याच इमारतीतल्या एक बाई असा एक क्लिक थ्री घेऊन आल्या. यजमान गेल्यावर त्यांचे कपाट आवरताना तो निघाला होता. "विकला तर किती येतील?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी खिडकीत पाहिले तर नऊचा आकडा. म्हणजे बारांपैकी आठ फोटो काढून झालेले. रोल कृष्णधवल होता. ओळखीच्या एका गृहस्थांनी तो घरच्या काळोख्या खोलीत धुतला. आठांपैकी पाच चित्रांवर नुसते धुके, दोनांत अंगणातली सायकल आणि आठव्यात त्यांच्या सासूबाई. पुढ्यात सूप, डोक्यावर पदर आणि 'काय हा चावटपणा' अशा नजरेने कॅमेऱ्याकडे पाहताहेत. या सासूबाईंनी जन्मात कधी फोटो काढू दिला नव्हता. घरात त्यांचे एकही चित्र नव्हते आणि नातवंडांनी त्यांचा चेहरा पाहिलाच नव्हता. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर कॅमेरा पुन्हा पिशवीत घालून घेऊन गेल्या. किमतीची चौकशी त्यांनी पुन्हा केली नाही.

जुना रोल धुवायला देताना एवढे ध्यानात ठेवा. रंगीत फिल्म धुण्याची आजची रीत १९७२ सालापासूनची आहे. त्याआधीचा रंगीत रोल या रीतीने धुतला तर खराब होतो. तो कृष्णधवल म्हणून धुवून मागावा. रंग येणार नाहीत, पण माणसे येण्याची आशा असते.

आता 'हा चालेल का' हा प्रश्न. जर्मनीत लाइपझिगच्या जत्रेत १९२५ साली लायका कॅमेरा लोकांपुढे आला, आणि त्या काळची यंत्रे आजही चालताना दिसतात. याचे कारण साधे आहे. त्यांच्यात स्प्रिंग, दातेरी चाके आणि कापडी पडदा याखेरीज काही नाही. जे फिरते ते साफ करता येते. रशियन झेनिट ई याला बॅटरीच लागत नाही. त्याचा प्रकाशमापक उजेडावरच चालतो. १९७६ ते १९९७ इतकी वर्षे निघालेल्या पेंटॅक्स के १००० मध्ये बॅटरी फक्त प्रकाशमापकापुरती आहे, ती संपली तरी शटर सर्व वेगांवर चालते. याउलट १९६६ सालच्या याशिका इलेक्ट्रो ३५ चे शटर विजेवर चालते. बॅटरी नसेल तर ते एकाच वेगाने, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाने उघडते. बाजारात तो पहिल्यांदाच घेणाऱ्याने हा फरक जरूर विचारून घ्यावा.

मुंबईच्या चोरबाजारात कॅमेरा घ्यायला गेलात तर प्रत्येक कॅमेरा 'जर्मन' असतो आणि प्रत्येक कॅमेरा 'एकाच साहेबांनी वापरलेला' असतो. ऐकून घ्यावे, आणि खिशातून लहान टॉर्च काढावी. टॉर्च भिंगाच्या मागून धरून पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर चालते, मधोमध असेल तर सोडून द्या, कारण ती काचेवरचा लेपच खाते. नंतर मागचे झाकण उघडा, अर्थात रोल नाही याची खात्री करून. कडेच्या खाचांत काळा फोम असतो. बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो गेला आहे, पण हा दोष किरकोळ. कापडी पडद्यामागे टॉर्च धरून अंधारात पाहा, टाचणीएवढे भोक असले तरी दिसते. शेवटी शटर एक सेकंदावर लावा आणि कान द्या. 'एक हजार एक' म्हणेपर्यंत खर्रर्र असा आवाज येऊन ते मिटले पाहिजे. मध्येच रेंगाळले तर आतले वंगण सुकून घट्ट झाले आहे.

इथे गृहिणींची आणि गृहस्थांची क्षमा मागून एक निक्षून सांगतो. शिवणयंत्राचे तेल कॅमेऱ्यात घालू नका. ते पसरत पसरत शटरच्या पात्यांवर जाते आणि पाती एकमेकांना चिकटतात. मग आधी जे शंभरात झाले असते त्याला हजार लागतात. तसेच कशालाही जोर लावू नका. झोर्की आणि फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांत आधी फिल्म पुढे सरकवून मगच शटरचा वेग बदलायचा असतो. उलट केले तर आतली यंत्रणा बिघडते.

फोटो कोरेच आले, अशी तक्रार दर चार महिन्यांनी एक तरी वाचक करतो. बहुधा रोल नीट अडकलेलाच नसतो. फिल्म पुढे सरकवताना डावीकडची चावी आपोआप फिरते की नाही ते पाहावे. फिरत नसेल तर आपण हवेचे फोटो काढतो आहोत. फोटोवर पांढरे पट्टे आले तर फोम गेला. काळ्या लोकरीचा धागा त्या खाचेत बसवला तरी काम भागते. फ्लॅश लावल्यावर अर्धेच चित्र आले तर शटरचा वेग जास्त होता. झेनिटला तिसावा आणि के १००० ला साठावा भाग ही मर्यादा आहे. प्रकाशमापक चुकतो तो पुष्कळदा बॅटरीमुळे. जुने मापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलेले, आणि आपण घालतो १.५ व्होल्टची. कानाच्या यंत्राच्या झिंक-एअर बॅटरीचा दाब मूळच्या जवळ येतो.

मापक नसेल तरी अडत नाही. रखरखीत उन्हात एफ १६ लावावा आणि शटरचा वेग रोलच्या आकड्याइतका ठेवावा. शंभरचा रोल असेल तर सव्वाशेवा भाग. ढगाळ असेल तर एफ ८, मोकळ्या सावलीत एफ ५.६. पणत्यांच्या उजेडातला चेहरा हवा असेल तर चारशेचा रोल, एफ २ आणि सेकंदाचा पंधरावा भाग इथून सुरुवात करावी आणि कॅमेरा स्टुलावर टेकवावा.

कॅमेरा ठेवताना चामडी पेटीचा मोह सोडा. चामडे ओल धरते आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तीच बुरशीची खोली होते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा. तांदूळ मात्र नको, त्याची पूड आत जाते. विमानप्रवासात न धुतलेले रोल हातात घेऊन तपासणीला द्यावेत. नव्या सी. टी. यंत्रांतून गेलेली फिल्म धुकाळते.

खर्चाचे विचाराल तर रोल, धुलाई आणि स्कॅनिंग धरून एक रंगीत फोटो वडापावाच्या खाली पडत नाही. कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला तो २०१२ साली, तेव्हा फिल्मचे दिवस भरले असे सर्वांनीच म्हटले. पण २०२४ साली पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेरा काढला, तोही हाताने फिल्म सरकवायचा. दुरुस्तीचा हिशेब मी असा करतो. बाजारातून घेतलेल्या कॅमेऱ्याच्या दुरुस्तीला कॅमेऱ्याच्या किमतीहून अधिक पैसे घालू नयेत. वडिलांच्या कॅमेऱ्याला हा नियम लावू नये. आणि हे काम लवकर करावे, कारण मी ज्या कारागिरांकडे जातो त्यांतल्या दोघांनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे कोणी मला दिसले नाही.

फोनमध्ये हजारो फोटो असताना छत्तीस फोटोंसाठी एवढा व्याप कशाला, असे कोणी विचारील. छत्तीसच असतात म्हणून माणूस कोणाचा काढायचा ते ठरवतो. तेव्हा या भाऊबीजेला घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला गॅलरीतल्या उजेडात बसवा, एक फोटो काढा, आणि प्रत हाती आली की मागे मऊ पेन्सिलीने नाव, नाते आणि तारीख लिहा. माझ्याकडे लोक जुने अल्बम घेऊन येतात. त्यांतले चेहरे स्वच्छ असतात, पण ते कोणाचे हे सांगणारे माणूस राहिलेले नसते.