पंतांचे मास्तर

परवा इंदापूरहून परतताना बारामतीत चहाला थांबलो. मोरोपंतांचा विषय निघाला. मित्र म्हणाला, "१०८ रामायणं! हे शिकवून येत नाही रे, अंगातच असावं लागतं." मी तापलोच!

अरे, त्यांचं 'निरोष्ठ रामायण' घ्या. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटणारी अक्षरं बंद. म्हणजे खुद्द 'राम' लिहायची सोय नाही. आता सांगा रामकथा! त्याला प्रतिशब्दांचा साठा जिभेवर लागतो, नि तो घोकूनच होतो. पंत १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मले. तिथेच केशव आणि गणेश पाध्ये या भावांनी त्यांना संस्कृत शिकवलं. बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आले ते शिकून-सवरून. १७९४ मध्ये तिथेच वारले. बारामतीचे पंत सगळ्यांना ठाऊक, पाध्ये कुणाला?

आम्ही आयटीवाले तरी काय वेगळे? रेझ्युमेवर ऐटीत 'सेल्फ-टॉट'. माझ्याही होतं. ज्या सरांनी फळ्यावर चौकोन काढून तीन-तीनदा पॉइंटर समजावले, ते गायब. ही सरळ चोरी आहे, राव.

मित्र म्हणे, "मग सरांना फोन केलास का?"

चहाचे पैसे मीच दिले.