स्वतःच्या गाण्याला व्यासपीठ हवे

डिसेंबर-जानेवारी हे आपल्याकडे स्नेहसंमेलनांचे महिने. या दिवसांत शाळा-महाविद्यालयांच्या कार्यक्रमपत्रिका चाळल्या, तर नाटिका, समूहनृत्ये आणि चित्रपटगीते यांची रेलचेल आढळते. विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले आणि स्वतःच चाल लावलेले गाणे मात्र त्यांत क्वचितच सापडते. एखाद्या मुलाने गिटार घेऊन असे गाणे म्हणण्याची परवानगी मागितलीच, तर ‘लोकांना ठाऊक असलेले काही तरी म्हण’ असा सल्ला त्याला मिळतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. कार्यक्रम रंगावा, एवढीच त्याची इच्छा असते. तथापि या निरुपद्रवी सल्ल्याने काय हातचे जाते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने दोन रॉक वाद्यवृंदांचा इतिहास पाहावा. त्यांतील एक आपल्या मुंबईचा आहे, दुसरा अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराचा.

मुंबईचा ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद १९८४ साली उभा राहिला. महेश तिनईकर यांची गिटार आणि मार्क सेल्विन यांची बेस गिटार हा त्याचा कणा होता. गायक म्हणून उदय बेनेगल यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. त्याच १९८४ साली सिअ‍ॅटलमध्ये ‘साउंडगार्डन’ हा वाद्यवृंद स्थापन झाला. त्याचा गायक ख्रिस कॉर्नेल आणि गिटारवादक किम थायिल. हे थायिल केरळातून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबातले. पुढे या दोन वाद्यवृंदांच्या तारखा चमत्कारिक रीतीने जुळत गेल्या. दोघांच्याही पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रिका १९८८ सालच्या: रॉक मशीनची ‘रॉक अँड रोल रेनिगेड’, साउंडगार्डनची ‘अल्ट्रामेगा ओके’. दोघेही १९९७ साली विसर्जित झाले, २०१० साली पुन्हा एकत्र आले, आणि २०१२ साली दोघांच्याही नव्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. परस्परांशी कोणताही संबंध नसताना एवढे साम्य आढळावे, हा योगायोगच होय. परंतु तारखा जुळल्या, तरी दैव जुळले नाही, आणि विचार करावयाचा तो याच ठिकाणी.

साउंडगार्डनची ‘सुपरअननोन’ ही ध्वनिमुद्रिका १९९४ साली अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. १९९५ साली तिच्यातील दोन गीतांना ग्रॅमी पारितोषिके मिळाली. २०१७ साली कॉर्नेल यांचे निधन झाले आणि वाद्यवृंदाची वाटचाल थांबली. तरीही २०२५ साली अमेरिकेच्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला मानाचे स्थान देण्यात आले. रॉक मशीनने १९९० साली ‘द सेकंड कमिंग’ ही दुसरी ध्वनिमुद्रिका काढली. १९९३ साली त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले आणि १९९५ साली त्या नावाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या काळातील सरळ, धडाकेबाज रॉक मागे पडून तिच्यात भारतीय वाद्ये आणि भारतीय वळणाच्या सुरावटी आल्या होत्या. वाद्यवृंद प्रौढ होत असल्याचीच ही खूण होती. परंतु दोनच वर्षांत तो मोडला. बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, आणि तेथे त्यांनी निराळा वाद्यवृंद काढला. ज्या कलावंतांना भारतीय सूर आपल्या संगीतात आणावासा वाटला, त्यांनाच भारताबाहेर जाऊन तो वाजवावा लागावा, यातील विसंगती बोलकी आहे.

या संगीताचा विषय निघाला, की ‘हा सगळा गोंगाट’ असे म्हणून हात झटकणारे पुष्कळ असतात. गोंगाट आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या गोंगाटाला हिशेब आहे. सिअ‍ॅटलच्या ज्या संगीताला पुढे ‘ग्रंज’ हे नाव पडले, त्यातील साउंडगार्डनची शैली दोन गोष्टींवर उभी होती. पहिली गोष्ट खर्जाची. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीपेक्षा उतरवून लावायची, ती मोकळी घुमत ठेवायची आणि तिच्यावर सुरावट रचायची. तानपुऱ्याचा षड्ज कानात असलेल्या श्रोत्याला यातील तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. दुसरी गोष्ट लयीची. रॉक संगीत बहुधा चार मात्रांच्या हिशेबाने चालते; या वाद्यवृंदाने मात्र पाच, सहा, सात मात्रांची आवर्तने सहजपणे हाताळली. ‘स्पूनमॅन’ या १९९४ सालच्या गीताचे मुख्य आवर्तन सात मात्रांचे आहे. आमच्याकडील तबल्याच्या विद्यार्थ्याला रूपक ठाऊक असतो. सातचा हिशेब त्याला परका नाही. याच गीतात सिअ‍ॅटलच्या रस्त्यांवर चमचे वाजवून पोट भरणाऱ्या एका वादकाला वाजविण्यासाठी बोलावण्यात आले होते. आपल्या गावच्या रस्त्यावरील वाद्य या वाद्यवृंदाने जगापुढे नेले, हे विशेष.

या संगीताचा उगमही आपण समजतो तसा विलासी तरुणांच्या दिवाणखान्यात नाही. साउंडगार्डनच्या खर्जाची परंपरा ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लंडमधील वाद्यवृंदापर्यंत जाते, आणि तो बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीत वाढला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे तुटली. आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे बनविली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे त्या उतरवूनही लावल्या. त्या सैल, जड, खोल आवाजातून संगीताची एक शाखा जन्माला आली. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत प्रेसवर काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना या हकीकतीतील यंत्रही कळेल आणि ते बोटही कळेल. पाळीचे भोंगे आणि पत्र्यावर पडणारे घाव ऐकत वाढलेल्या मुलाला हे संगीत आपले वाटले, तर त्याचे वावडे मानण्याचे कारण नाही.

मग मुंबईच्या वाद्यवृंदाचे पाऊल का अडले? गुणांची उणीव, हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. सिअ‍ॅटल हे त्या काळी संगीताचे केंद्र नव्हते. विमानांच्या कारखान्यासाठी ओळखले जाणारे ते दूरच्या कोपऱ्यातील शहर होते. तेथील कायदेही फारसे अनुकूल नव्हते. १९८५ साली नगरपालिकेने अल्पवयीनांच्या नृत्यगीतांच्या कार्यक्रमांवर इतके निर्बंध लादले, की असे कार्यक्रम भरविणेच दुरापास्त झाले, आणि तो नियम २००२ पर्यंत टिकला. परंतु त्या शहरात तीन गोष्टी होत्या. लहानसहान क्लब होते. तेथे नवा वाद्यवृंद स्वतःची गाणी वाजवू शके. विद्यापीठाचे नभोवाणी केंद्र होते. तेथे विद्यार्थीच गावातल्या वादकांची गाणी लावत, आणि किम थायिल हे स्वतः त्या केंद्रावर काम करीत. आणि ‘सब पॉप’ ही छोटी कंपनी होती. तिने १९८७ साली साउंडगार्डनची पहिली लहान ध्वनिमुद्रिका काढली. श्रीमंती यांपैकी कोठेही नव्हती. होती ती एवढीच सवय, की गावातल्या पोराने नवे काही रचले तर ते एकदा ऐकून घ्यावे.

मुंबईत वातावरण उलट होते. ऐंशीच्या दशकात आपल्याकडील रॉक वाद्यवृंद विलायती गाण्यांच्या हुबेहूब नकला करीत, आणि श्रोतेही त्यांचीच मागणी करीत. नक्कल जितकी बिनचूक तितकी टाळी मोठी. रॉक मशीनने हा पायंडा मोडून स्वतःची गाणी श्रोत्यांपुढे ठेवली, हे त्याचे खरे ऐतिहासिक कार्य होय. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव आणि धोबीतलावचे खुले रंगभवन यांमुळे तरुण वादकांना काही काळ आधार मिळाला. परंतु एका महानगरात वर्षाकाठी एक महोत्सव, एवढ्यावर परंपरा उभी राहत नसते. पुढे रंगभवनचा परिसर शांतता क्षेत्रात येत असल्याने तेथील मोठ्या आवाजाचे कार्यक्रमही थांबले. दरम्यान ध्वनिमुद्रण कंपन्यांनी आपला पैसा हिंदी पॉप गीतांकडे आणि चित्रपटसंगीताकडे वळविला होता. ज्याला रोजचे व्यासपीठ नाही आणि ज्याच्या मागे कंपनी नाही, त्याने किती वर्षे तग धरावा?

येथे एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. इंडस क्रीडची गाणी इंग्रजी होती. ती महानगरातील इंग्रजी शिकलेल्या वर्गापलीकडे पोहोचली नाहीत, आणि यात समाजाचा काय दोष, असे विचारले जाईल. आक्षेपात तथ्य आहे. ज्या भाषेत घरात भांडण होते आणि समजूतही घातली जाते, त्या भाषेतील गाण्याची मुळे खोल जातात. परंतु यातून निघणारा निष्कर्ष गिटार खाली ठेवण्याचा नाही. तो मराठीत लिहिण्याचा आहे. मोठ्या आवाजात, कष्टकऱ्यांच्या भाषेत, भर सभेत गाण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ काढले, तेव्हा त्यांच्या हातात डफ आणि तुणतुणे होते, आणि समोर गिरणी कामगार होते. वाद्य बदलले म्हणून ती परंपरा तुटतेच असे नव्हे. पेटी हे वाद्य परदेशातून आले. आज तिच्यावाचून कीर्तन सुरू होत नाही. देवाणघेवाण उलट्या दिशेनेही होते. ‘द हू’ या इंग्लंडमधील वाद्यवृंदाने १९७१ साली रचलेल्या ‘बाबा ओरायली’ या प्रसिद्ध रॉक गीताच्या नावातले ‘बाबा’ म्हणजे नगरजवळच्या मेहेराबादचे अवतार मेहेरबाबा. नगरचे नाव जगातील रॉकच्या श्रोत्यांपर्यंत केव्हाच गेले आहे. नगरचे गाणे तेवढे अजून जावयाचे आहे.

दुसरा आक्षेप आवाजाचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती सर्वांनी पाळावी, वाद्यवृंदांनीही पाळावी. परंतु मिरवणुकीत घरांच्या काचा हादरविणाऱ्या ध्वनिवर्धकांच्या भिंती निमूटपणे सोसणाऱ्या समाजाने, बंद सभागृहात चार मुलांनी वाजविलेल्या गिटारीवर मात्र शांततेचे प्रवचन द्यावे, हे न्यायाला धरून नाही. त्या भिंतींतून बाहेर पडते ते दुसऱ्याचे, आधीच मुद्रित केलेले संगीत. येथे निदान कोणी तरी स्वतः काही रचत असतो.

आपल्या समाजाला हे जमत नाही असेही नाही; नाटकाच्या बाबतीत आपण ते करून दाखविले आहे. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक स्पर्धा चालत आली आहे. नगरलाही महाकरंडक एकांकिका स्पर्धा होते. या स्पर्धांच्या निमित्ताने दरवर्षी महाविद्यालयांतील मुले नव्या संहिता लिहितात. त्यांतल्या बऱ्याचशा कच्च्या असतात, काही तर टाकाऊ असतात. तरीही प्रेक्षक त्या पाहतात, परीक्षक चुका सांगतात, आणि त्याच गर्दीतून मराठी रंगभूमीला लेखक, दिग्दर्शक व नट मिळत आले आहेत. कच्च्या संहितेला आपण जी क्षमा करतो ती कच्च्या चालीला का करीत नाही? नाटक लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण होतकरू म्हणतो. चाल बांधणाऱ्याला मात्र अभ्यासाकडे लक्ष देण्यास सांगतो.

यासाठी मोठ्या अनुदानाची वा नव्या मंडळाची आवश्यकता नाही. महाविद्यालयांनी स्नेहसंमेलनात अर्धा तास केवळ स्वरचित गीतांसाठी राखून ठेवावा. भाषा आणि वाद्य कोणतेही असो, रचना मात्र स्वतःची असावी. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांसाठी नाट्य आणि भजनस्पर्धा घेते. त्यांच्या जोडीला स्वरचित गीतांची स्पर्धा बसण्यास अडचण नसावी. आकाशवाणीच्या नगर केंद्राने अशा स्पर्धांतील निवडक गाणी मुद्रित करून ऐकवावीत. नागापूर-बोल्हेगाव परिसरात कारखाने आहेत, कामगारांच्या वसाहती आहेत, महाविद्यालयांत जाणारी त्यांची मुले आहेत. तेथील एखादे सभागृह महिन्यातून एक संध्याकाळ या मुलांना मिळाले, तर सिअ‍ॅटलच्या लहान क्लबांनी जे काम केले ते येथेही सुरू होऊ शकेल.

यातून उद्या एखादा जगप्रसिद्ध वाद्यवृंद निघेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. बहुतेक गाणी विसरली जातील. सिअ‍ॅटलमधीलही बहुतेक विसरली गेली. परंतु जी गाणी टिकावयाची ती या विसरलेल्या गाण्यांच्या शेजारीच उगवतात. त्यांच्यासाठी वेगळे शेत नसते. इंडस क्रीडने स्वतःचे गाणे म्हणण्याचे धाडस केले तेव्हा ते धाडस एका वाद्यवृंदाला एकट्याने पेलावे लागले. पुढच्या पिढीच्या वाट्याला तोच एकटेपणा यावा काय, याचा निर्णय कार्यक्रमपत्रिका ठरविणाऱ्या शिक्षकांच्या आणि समोर बसणाऱ्या श्रोत्यांच्या हाती आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनात त्यांनी निदान एका अनोळखी गाण्याला जागा द्यावी.