ऐकण्याचे पैसे

मंडळी, डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि "काही नाही, गॅसेस आहेत" म्हणून घरी पाठवलं तरी आपण फी देतो. मुकाट देतो. गॅरेजमध्ये मात्र मिस्त्रीनं अर्धा तास इंजिन ऐकलं आणि एक नट आवळून दिला, तर आपण विचारतो, "याचे कसले पैसे? टाकलं काय नवीन?" माझं स्पष्ट मत आहे, की या एका प्रश्नापायी आपल्याकडची कितीतरी इंजिनं विनाकारण खोलली जातात.

उदाहरण घरचंच देतो. आमच्या लातूरच्या काकांकडे १९९६ची मारुती ८०० आहे. कंपनीनं ही गाडी २०१४ मध्ये बंद केली, काकांनी नाही. पेन्शनमधले पैसे साठवून त्यांनी इंजिन बांधून घेतलं. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं नवं. आणि गाडी सुरू झाली ती वरून टिकटिक, खालून थरथर! स्लोला तर डॅशबोर्डवरचा गणपती नाचायचा. तिथल्या मिस्त्रीचा निकाल, "परत खोलावं लागेल." काकू म्हणाल्या, "भंगारात द्या एकदाची." दुसऱ्यांदा खोलायला काकांकडे पैसे नव्हते.

मग नांदेडहून आमच्या चाचांना घेऊन लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठलं. पहिला अर्धा तास चाचांनी पान्याला हात लावला नाही. "पहले सुनो, फिर खोलो," एवढंच.

आवाज इंजिन थंड असताना येतो आणि गरम झाल्यावर विरतो? मग बहुधा पिस्टनचा. लोडवर खालून जड ठकठक येते आणि ऑइलचा लाल दिवा मिचकावतो? मग बेअरिंग, गाडी तिथंच बंद करायची, घरापर्यंतसुद्धा न्यायची नाही. इथे आवाज वरून, बारीक, एकसारखा, गरम झाल्यावरही तेवढाच. म्हणजे टॅपेट. नवं हेड पॅकिंग बसल्यावर हेड पुन्हा आवळून टॅपेटचा गॅप परत लावायचा असतो, तो राहिला होता.

राहिली थरथर. चाचांनी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन दबलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली, काही फरकच नाही! म्हणजे तिसरा सिलिंडर आधीच झोपलेला. तिघांच्या संसारात एक संपावर गेला तर घर हलणारच. प्लग बदलला, करंट तपासला, कॉम्प्रेशन पाहिलं, सगळं ठीक. शेवटी मॅनिफोल्डच्या जोडावर ऑइलचे चार थेंब सोडले आणि इंजिन क्षणभर सावरलं. पॅकिंगमधून फालतू हवा आत ओढली जात होती. नवं पॅकिंग टाकलं, नट सारखे आवळले. झालं.

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरनं कागदाची नळी करून रुग्णाच्या छातीला लावली, त्यातून पुढे स्टेथोस्कोप आला. चाचांचा लांब स्क्रूड्रायव्हर, टोक इंजिनवर आणि मूठ कानाला, त्याच घराण्यातला.

कुणी म्हणेल, आता स्कॅनर आलेत. आलेत ना. स्कॅनर नव्या गाडीत सांगतो, की तिसरा सिलिंडर मिसिंग करतोय. का करतोय? प्लग, कॉइल, इंजेक्टर की हवा? ते शोधायला माणूसच लागतो.

लातूरच्या त्या मिस्त्रीला मी लबाड म्हणणार नाही. त्याची कमाई पार्टवर आणि खोलण्या-जोडण्यावर. शोधण्यात घालवलेला तास त्याला कुणी देत नाही, मग तो शोधेल कशाला? खोलणार! आणि नुकतंच बांधलेलं इंजिन पुन्हा खोलायचं म्हणजे नवी पॅकिंगं, नवा खर्च, आत कचरा जायची नवी भीती.

चाचांनीही आधी फक्त पॅकिंगचेच पैसे सांगितले. सवयच तशी लागलेली. काकांनी ऐकलं नाही, दिवसभराची मजुरी त्यांच्या हातात कोंबली. हे मला फार आवडलं.

तर मंडळी, गाडी गॅरेजला लावताना "काय टाकावं लागेल?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "शोधायचे किती घ्याल?" आणि द्या. असे कान आता थोडेच उरलेत. फुकट वापरले तर तेही उरणार नाहीत.