पाट्याचा दगड आणि विहिरीचे पाणी

“टाकी लावायची का, टाकीऽऽ” ही हाळी आता फारशी ऐकू येत नाही. पण ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा अजून आहे, त्या भगिनींनी तो एकदा नीट निरखून पाहावा. काळाभोर, जड, बारीक कणांचा. वर्षानुवर्षे मिरची वाटली तरी झिजत नाही. गुळगुळीत झाला की टाकी लावली, पुन्हा नवा! हा दगड आला कुठून?

वाचकहो, हा दगड एके काळी पाण्यासारखा वाहत होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि तापलेला लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा आला. थरावर थर साचले. आज दख्खनमध्ये सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा खडक पसरला आहे. पूर्व विदर्भ आणि दक्षिण कोकणचा काही भाग सोडला, तर महाराष्ट्राची बहुतेक भूमी याचीच आहे. शास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात, आपण काळा पाषाण म्हणतो. लाव्हा उघड्यावर लवकर थंड झाला, त्यामुळे त्याचे कण मोठे होऊ शकले नाहीत. म्हणूनच तो इतका घट्ट आहे.

या घट्टपणामुळे तो सगळीकडे कामाला येतो. जाते आणि उखळ त्याचेच, गडकोटांचे तट त्याचेच. रस्त्याची खडी, रेल्वे रुळांखालची गिट्टी आणि स्लॅबच्या काँक्रीटमधला दगडही तोच. तो झिजून कुजला की कपाशीची काळी माती होते. आपल्या कित्येक आयाबायांनी ही खडी डोक्यावरून पाट्या भरभरून वाहिली आहे. दगड त्यांना परका नाही. दगडाचे शास्त्र मात्र त्यांच्यापर्यंत कोणी नेले नाही.

ते शास्त्र ठाऊक नसले तर काय होते, हे आमच्याच घरात पाहिले. एका नातेवाइकांनी कर्ज काढून शेतात बोअर घेतली. जागा दाखवली पाणाड्याने. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतभर फिरला; नारळ उभा राहिला तिथे खूण केली. तीनशे फूट खाली गेले तरी नुसता धुरळा! पाणाड्या दक्षिणा घेऊन गेला, कर्ज घरात राहिले.

चूक कुठे झाली? काळ्या पाषाणाच्या पोटात नदी वाहत नसते. घट्ट कातळात पाणी शिरायला जागाच नसते. असेल तर ते भेगांत आणि सांध्यांत. दुसरा थर मांजऱ्या. लाव्हा थंड होताना त्यातले वायू अडकले आणि बुडबुड्यांची भोके राहिली. पुढे त्यांत पांढरी खनिजे भरली. हा दगड कुजून ठिसूळ झाला की त्यात पाणी मुरते. वरचा मुरूमही पाणी धरतो. आपल्या विहिरींचे पाणी बहुधा या वरच्या मुरमाड, भेगाळ थरांतलेच असते. म्हणून खोल जावे तितके पाणी अधिक, हा समज खरा नाही. पाण्याचा शोध नारळावरून नव्हे, दगडावरून घ्यायचा असतो.

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते काय? नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदाताचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यात लेण्याबरोबर ‘पोढी’ दान दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. भिक्खूंच्या निवासाबरोबर त्यांच्या पाण्याचीही सोय झाली. डोंगरावरून वाहणारे पावसाचे पाणी टाक्यात साठवले, तर घट्ट कातळ ते झिरपू देत नाही. जो कातळ पाणी देत नाही, तोच दिलेले पाणी राखतो! लेणी कोरणाऱ्या अनाम कारागिरांनी हे ओळखले होते.

हाच हिशेब आज गावाला लागू आहे. पाणी साठवायचे असेल तर तळाशी अभंग कातळ हवा. पाणी मुरवायचे असेल तर मुरूम किंवा भेगाळ दगड हवा. कातळावर पाझर तलाव बांधला तर पाणी उन्हाने उडून जाईल, विहिरींना काही मिळणार नाही. म्हणून विहिरीला किंवा बोअरला पैसा घालण्याआधी शेजारच्या विहिरीत डोकावून दगडाचे थर पाहा. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कार्यालय असते, तिथे विचारा. शास्त्रीय पाहणीनेही दर वेळी पाणी लागेलच असे नाही. पण तिच्यामागे कारण असते, ते तपासता येते. नारळाला कारण विचारता येत नाही.

पुढच्या वेळी लेणी पाहायला जाल तेव्हा मुलांना मूर्तींबरोबर ती टाकीही दाखवा. आणि घरी आल्यावर पाट्यावर हात ठेवून सांगा, तो दगड आणि हा दगड एकच.