बॅटरीच्या टक्क्याचा कैवार

नाशिकच्या निफाड तालुक्यात थंडीची लाट आली की पारा 5 अंशांच्याही खाली उतरतो. अशा पहाटे द्राक्षबागेत जुना फोन 15 टक्के दाखवत असतानाच बंद पडला, की निकाल तिथल्या तिथे लागतो: आकडा खोटा, नवा फोन खपवण्यासाठी कंपनीने केलेली लबाडी. या निकालामागचे गृहीतक असे की टक्का म्हणजे उरलेल्या विजेचे थेट माप. ते गृहीतकच चुकीचे आहे.

लिथियम-आयन सेलमध्ये किती चार्ज उरला आहे, हे थेट मोजणारे कोणतेही साधन फोनात नसते. मोजता येतात त्या तीनच गोष्टी: व्होल्टेज, प्रवाह आणि तापमान. बाकीचे अनुमान सॉफ्टवेअरचे. पूर्ण भरलेला सेल साधारण 4.2 व्होल्ट दाखवतो, पण 60 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर येईपर्यंत व्होल्टेजमध्ये जेमतेम 0.2च्या आसपास फरक पडतो. त्यात कॅमेरा उघडला की व्होल्टेज तेवढ्यापुरते आणखी खाली झुकते. एवढ्याशा फरकावर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून सेलमध्ये आलेल्या आणि गेलेल्या प्रवाहाचा हिशेबही ठेवावा लागतो. त्या हिशेबातही खोट आहेच. प्रवाह मोजताना सतत 10 मिलीअँपियरची चूक होत राहिली, तर दिवसभरात 240 मिलीअँपियर-तासांची तफावत पडते. 4000च्या बॅटरीत हे 6 टक्के झाले. शिवाय ती 4000ची क्षमताही वापरागणिक घटत असते. म्हणून या दोन्ही रीतींना एकमेकींच्या चुका दुरुस्त करायला लावतात. त्यासाठी वापरले जाणारे एक गणित रुडॉल्फ काल्मन यांनी 1960 मध्ये मांडले होते. अपोलो यानांचा मार्ग ठरवायलाही तेच कामी आले. चंद्रावर जाताना चाललेल्या अंदाजाला खिशात आल्यावर थाप म्हणणे जरा अन्यायाचेच.

आता निफाडच्या पहाटेकडे वळू. थंडीत सेलच्या आतला रोध वाढतो, आणि जुन्या सेलमध्ये तो मुळातच जास्त असतो. समजा तो 0.3 ओहम झाला आणि फोनाने क्षणभर 2 अँपियर प्रवाह ओढला, तर 0.6 व्होल्ट आतल्या आतच खर्ची पडतात. 3.6 व्होल्टचा सेल 3 व्होल्टवर येतो आणि फोन बंद होतो. चार्ज मात्र आत शाबूत असतो. म्हणूनच ऊब मिळाल्यावर तोच फोन पुन्हा चालू होऊ शकतो. टक्का सांगत होता सेलमध्ये किती उरले आहे ते. शेतकऱ्याला हवे होते, आत्ता त्यातले किती काढता येईल ते.

यावर कोणी ॲपलचा दाखला देईल. जुन्या बॅटरीच्या आयफोनांची गती आपण सॉफ्टवेअरने कमी करतो, हे त्या कंपनीने डिसेंबर 2017 मध्ये कबूल केले आणि माफीही मागितली. दाखला खरा आहे, पण तो उपाय अशा अचानक बंद पडण्यावरचाच होता. अपराध होता तो गुपचूपपणाचा. 2018 मध्ये बॅटरीची अवस्था दाखवण्याची आणि गतीवरचा तो लगाम काढण्याची सोय आयफोनात आली, तेव्हा अंदाज बांधणे थांबले नाही. फक्त ते उघडपणे होऊ लागले.

तेव्हा अंदाज हवाच, त्यातली अनिश्चितता मात्र लपवू नये. अँड्रॉइड ॲपला बॅटरीची टक्केवारी पूर्णांकात देते. नुसता '15' हा आकडा जितका ठाम दिसतो, तितकी खात्री त्यामागच्या गणितालाही नसते. सामान्य माणूस अशा तपशिलाने गोंधळेल, हा आक्षेप नाशिकमध्ये तरी टिकत नाही. 'पावसाची शक्यता' एवढ्या शब्दांवर फवारणीचा दिवस ठरवणारा बागाईतदार शक्यता आणि खात्री यांतला फरक चांगलाच जाणतो. नेहमीची पट्टी बदलायचीही गरज नाही. 20 टक्क्यांखाली आणि थंडीत एकच ओळ दाखवावी: 'फोन अचानक बंद पडू शकतो'. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. बॅटरीचे तापमान फोन आजही मोजतोच.